घरबसल्या

अंकिताचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या वडिलांनी एकच अट घातली होती: पोरीचं शिक्षण थांबता कामा नये. पाचाडला, रायगडाच्या पायथ्याशी त्यांची खानावळ होती. गडावर येणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींना पिठलं-भाकरी वाढता वाढता आपलीही मुलगी अशीच पाठीला पिशवी लावून चार गावं हिंडावी असं त्यांना वाटायचं. अंकिता तेव्हा महाडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. मुलगी बघायला आलेले पोलादपूरकडचे रावजी ही अट ऐकून जरासुद्धा बिचकले नाहीत. सतरंजीवर मांडी घालून बसलेले ते गृहस्थ सावकाश म्हणाले, "माजा शब्द घ्या. तुमची पोर शिकंल तेवढं आमी शिकवू."

आणि रावजींनी शब्द पाळला. साऱ्या अडचणीचं मूळ म्हणाल तर ते हेच, की त्यांनी तो अगदी अक्षरशः पाळला.

रावजींचं घर आंबेनळी घाट चढायला लागायच्या आधी, रस्ता सोडून ओढ्यापलीकडे. खाली भाताची खाचरं, वर उतारावर नाचणी, गोठ्यात दोन म्हशी. मुलगा यशराज पनवेलकडे एका मोठ्या गोदामात सुपरवायझर होता. तो सुट्टी मिळेल तसा यायचा. तिथं खोली घेऊन बायकोला न्यायचं, असं लग्नात ठरलं होतं आणि अजूनही ठरलेलंच होतं. घरात सासू बनुबाई, सासरे रावजी आणि अंकिता.

लग्नानंतर महिनाभर अंकिता महाडला जाऊन-येऊन कॉलेज करत होती. आधी रस्त्यापर्यंत चालत, मग पोलादपूरपर्यंत जीप, तिथून एसटी. संध्याकाळी यायला अंधार व्हायचा आणि रावजी बॅटरी घेऊन ओढ्यापाशी उभे असायचे. मग पावसाळ्यात पोलादपूरच्या रस्त्यावर दरड आली, दोन दिवस गाड्या बंद झाल्या आणि अंकिता महाडला अडकली. तळीयेला डोंगर घरांवर कोसळला होता ते सगळ्यांना आठवत होतं. त्या दोन रात्री रावजी झोपले नाहीत. ती घरी आली तशी त्यांनी चौकशी सुरू केली. कुणीतरी त्यांना दूरशिक्षणाचं सांगितलं: पुस्तकं घरी येतात, अभ्यास घरी, परीक्षेला तेवढं जायचं. रावजी स्वतः महाडला जाऊन प्रवेश घेऊन आले. पुस्तकांचं बाड ओटीवर ठेवून ते म्हणाले, "घरबसल्या पदवी. कागुद तोच, मान तोच. मी इचारून आलोय."

तो शब्द त्यांना फार आवडला. घरबसल्या. पुढं इंटरनेटचे खांब मोठ्या रस्त्यानं आले तेव्हा रावजी त्या ठेकेदाराच्या मागं लागले. तार ओढ्यापलीकडे यायची नव्हती. रावजींनी बांबू तोडले, फणसाच्या झाडावरून तार घेतली आणि माळ्यावरच्या खोलीच्या खिडकीतून आत आणली. घरच्या सागाचं टेबल करवलं. गावात अशी खोली दुसऱ्या कुठल्या सुनेला नव्हती. बनुबाई विहिरीवर सांगायची, आमची अंकिता वर शिकत्येय, आणि सांगताना तिचा आवाज आपोआप खाली यायचा, जणू वर कुणी देवाला बसलंय.

अंकितानं बी.ए. केलं. त्या काळात तिला महिन्यातले दोन रविवार मिळायचे. महाडच्या अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र असायचं. एका शाळेच्या उसन्या वर्गात पंधरा-वीस जण जमायचे. केंद्राचे अश्वजित सर शिकवायचे कमी आणि भांडायला जास्त लावायचे. एखादा मुद्दा फळ्यावर लिहून वर्गाचे दोन भाग करायचे आणि स्वतः खिडकीत जाऊन उभे राहायचे. बिरवाडीची समीक्षा, औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होती, ती नेहमी अंकिताच्या विरुद्ध बाजूला बसायची. वर्ग सुटला की दोघी चवदार तळ्यापाशी भेळ खात तेच भांडण पुढं चालवायच्या. एकदा बोलण्याच्या भरात अंकिताची एसटी चुकली. खरं तर ती समोरून गेलेली तिनं पाहिली होती.

पदवी मिळाली तेव्हा रावजींनी वाडीत पेढे वाटले आणि आपणहून म्हणाले, आता पुढचं. अंकितानं शिक्षणशास्त्रात एम.ए.ला नाव घातलं. तिला वाटलं, दोन वर्षं रविवार शाबूत राहिले.

पहिलं वर्ष सुरू होतंय तोच विद्यापीठाचा निरोप आला. विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी यापुढे सर्व संपर्कसत्रं ऑनलाइन होतील. अंकितानं तो जेवताना वाचून दाखवला. बनुबाईनं हातातली भाकरी खाली ठेवून समाधानानं मान हलवली. "बरं झालं गो. तुजी दगदग वाचली."

आता रविवारी माळ्यावर पडद्यावर चौकोन यायचे. चौकोनांत माणसं नसायची, नावं असायची, काळ्या पाटीवर पांढरी. अंकिता कॅमेरा चालू ठेवायची. शिकवणाऱ्यानं सांगितलं, नेट मंद होतं, सगळ्यांनी कॅमेरे बंद ठेवा. समीक्षाचं नाव एका कोपऱ्यात दिसायचं. तिच्याशी भांडायचं तर हात वर केल्याचं चिन्ह दाबायचं आणि बोलावणं येईपर्यंत थांबायचं. बोलावणं आलं की काय भांडायचं होतं तेच विसरायला व्हायचं.

बाकीची व्याख्यानं तर आधीच भरून ठेवलेली. केव्हाही ऐका, हवं तिथं थांबवा. यातलं 'थांबवा' तेवढं घरानं बरोबर उचललं. कॉलेजला जाणाऱ्या पोरीला गाडी चुकेल म्हणून कुणी चहा टाकायला सांगत नाही. पण थांबवता येणारं व्याख्यान पाहुण्यांसाठी थांबायचं, दळणासाठी थांबायचं, म्हैस दावं तोडून पळाली की थांबायचं. बनुबाई जिन्याच्या पायथ्याशी येऊन अगदी हळू विचारायची, "थांबवतंस का गो जरा?" तिनं कधी आवाज चढवला नाही. तिचा गुडघा धरलेला असायचा, तिला जिना चढवत नसे. अंकिता पडद्यावर बोट ठेवायची आणि व्याख्याता तोंड उघडा ठेवून गप्प व्हायचा.

हळूहळू तिच्या लक्षात आलं, की आपण ओढा ओलांडून गेल्याला किती दिवस झाले हे आठवावं लागतंय. पुस्तकं आता फोनवर यायची. स्वाध्याय फोनवरून जायचे. परीक्षासुद्धा त्याच खोलीत, कॅमेऱ्यासमोर, दार आतून लावून. रावजी बाजार आणायचे. कपडेसुद्धा कुणी पोचवणारा आणून द्यायचा. दुपारी ती खिडकीत उभी राहायची. समोरच्या घाटातून महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या वळणा-वळणावर दिसायच्या, लपायच्या, परत दिसायच्या. कधी कधी तिला छातीवर कुणीतरी पाट ठेवल्यासारखं व्हायचं. ती खाली येऊन गोठा झाडायची. मग बरं वाटायचं आणि परत वर गेली की तेच.

यशराजला तिनं फोनवर सांगून पाहिलं. तो दमलेला होता, पण त्यानं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "त्रास नक्की कसला होतोय? कुणी अडवलंय का तुला?"

कुणी अडवलं नव्हतं.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला एक विषय होता: मुक्त, ऑनलाइन आणि दूरस्थ उच्चशिक्षण, जागतिक प्रवाह. तो मंगेश सर शिकवायचे. ते विद्यापीठाच्या मुख्य कचेरीत समन्वयक होते. त्यांना कुणी प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. छोटे छोटे तुकड्यांतले अभ्यासक्रम, जगभर एकाच वेळी लाखोंनी घेतलेले वर्ग, शंका सोडवणारा यंत्राचा शिक्षक, असं बरंच काही त्यात होतं. एका प्रकरणात वाक्य होतं: घराबाहेर पडू न शकणाऱ्या स्त्रियांसाठी ही शिक्षणपद्धती वरदान ठरली आहे. अंकितानं त्या वाक्याखाली रेघ मारली होती, आणि स्वाध्यायात ते वाक्य जसंच्या तसं लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते.

त्याच सुमारास अश्वजित सरांचा फोन आला. पहिल्या वर्षाला यंदा खेड्यातली पुष्कळ मुलं-मुली आली होती. त्यांना ॲप उघडता येत नव्हतं, कुणाला स्वाध्याय कसा लिहायचा कळत नव्हतं. केंद्रावर आठवड्यातून तीन दिवस बसून त्यांना हाताला धरून शिकवणारं कुणीतरी हवं होतं. सर म्हणाले, "तुम्ही या सगळ्यातून गेला आहात. याल का?"

अंकितानं रात्री जेवणं झाल्यावर विषय काढला. रावजींनी मन लावून ऐकलं, काम चांगलं हाय म्हणाले, आणि मग म्हणाले, "पन ते घरनं नाय का व्हायचं? आता तर समदं घरनंच चाललंय." बनुबाई म्हणाली, पाऊस सरू दे, मग बघू. यशराज फोनवर म्हणाला, दिवाळीनंतर खोलीचं नक्की होईल, मग पनवेललाच काहीतरी शोधू, आत्ता कशाला गुंततेस. नाही असं कुणीच म्हणालं नाही. अंकितानं सरांना कळवलं, थोडे दिवस द्या.

आणि मग मंगेश सरांनी तिला निवडलं.

जगभरच्या दूरशिक्षणवाल्यांची परिषद भरणार होती. त्यात विद्यापीठाला एक विद्यार्थिनी दाखवायची होती. दुर्गम भाग, विवाहित, शेतकरी कुटुंब आणि सतत पहिला वर्ग. अंकिता सगळ्या बाजूंनी बसत होती. फोन ठेवल्यावर क्षणभर तिच्या डोळ्यांपुढं स्टेशन आलं, भरलेली बॅग आली, अनोळखी गावातला मोठा दरवाजा आला. तिनं परत फोन करून विचारलं, सर, कुठं यायचं?

मंगेश सर हसले. "कुठंच नाही. तेच तर दाखवायचंय. घरूनच बोला. मागं खिडकी येऊ द्या, डोंगर दिसला पाहिजे."

बोलायचं काय ते त्यांनी लिहून पाठवलं. ती मराठीत वाचणार, ते लगोलग इंग्रजीत सांगणार.

त्या दिवशी दुपारी माळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. बनुबाई दुखरा गुडघा धरून एकेक पायरी करत वर आली होती आणि ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली होती. शेजारच्या बाया भिंतीला लागून बसल्या. रावजी खुर्चीत न बसता दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले, म्हणजे कुणी मध्ये वर येऊ नये. पडद्यावर यावेळी खरोखरची माणसं होती, गोरी, काळी, गहूवर्णी, कुणाच्या मागं रात्र, कुणाच्या मागं सकाळ. अंकितानं लिहिलेलं वाचलं. विद्यापीठाचे आभार, घरच्यांचे आभार, डोंगराच्या कुशीत ज्ञानाची गंगा. तिचा आवाज स्थिर होता. मंगेश सरांचं इंग्रजी तिच्या मागोमाग धावत होतं. संपल्यावर सगळ्यांनी पडद्यावर टाळ्या वाजवल्या, आवाज न होणाऱ्या. बनुबाईनं डोळे टिपले.

मग एक वयस्कर बाई बोलू लागल्या. आफ्रिकेतल्या कुठल्याशा विद्यापीठात त्यांनी आयुष्यभर शिकवलं होतं. त्यांचं इंग्रजी सावकाश होतं. अंकिताला जवळजवळ सगळं कळलं. तरी मंगेश सरांनी मराठीत सांगितलं, "बाई विचारतायत, पदवी झाल्यापासून या शिक्षणानं तुम्हाला कुठं कुठं नेलं?"

याचं उत्तर लिहून दिलेलं नव्हतं. अंकितानं तोंड उघडलं. तिला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, आणि ते सापडेना. तिनं मनात शोधलं, केंद्र, तळं, चुकवलेली एसटी, सगळं पदवीच्या आधीचं होतं.

"कुठंच नाही," ती म्हणाली. मागं बाया हलल्या. तिनं मागं पाहिलं नाही. "मला कुणी बाहेर जाऊ नको म्हटलेलं नाही. आमच्या घरात असं कुणी म्हणत नाही. पण आधी मी कॉलेजसाठी बाहेर जायचे. मग वर्गासाठी. मग परीक्षेसाठी. घराबाहेर पडायला माझ्याकडं एवढंच कारण होतं, शिकायचं. ते एकेक करून काढून घेतलं. माझ्या सोयीसाठी. आता मी एम.ए. होईन, आणि मला पोलादपूरपर्यंत जायलासुद्धा कारण नाही."

पडद्यावर मंगेश सरांनी घसा साफ केला आणि इंग्रजीत सांगू लागले. अंकिता ऐकत होती. ती म्हणते, पूर्वी तिला कॉलेजसाठी, वर्गासाठी, परीक्षेसाठी फार प्रवास करावा लागे. आता ते सगळं तिच्या खोलीत आलं आहे. आता तिला कुठंही जावं लागत नाही.

त्या आफ्रिकेतल्या बाई समाधानानं मान हलवू लागल्या होत्या. ते पाहून अंकिता पडद्याजवळ सरकली. वर्गात इंग्रजी बोलायची पाळी आली की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. आता तिनं माइकचं बटण दाबलं आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत, शब्दामागून शब्द ठेवत सांगितलं, की सर, मी असं म्हटलं नाही. मी म्हटलं, माझी बाहेर जायची कारणं गेली. मला ती परत हवी आहेत.

बाईंची मान हलायची थांबली. त्यांनी चष्मा काढला आणि पुढं झुकून म्हणाल्या, ऐकू आलं मला. आणखीही काही म्हणणार होत्या. पण वेळ संपल्याचं सांगून सूत्रसंचालकानं आभार मानले आणि पडद्यावर दुसऱ्या देशातला दुसरा चेहरा आला. मंगेश सरांनी नंतर फोन केला नाही.

बाया चहा अर्धा टाकून गेल्या. बनुबाई खाटेवर अंथरलेली चांगली चादर काढून घडी घालत होती. घडी जमेना. ती परत उलगडून परत घालत राहिली. मग चादरीकडंच बघत तिनं विचारलं, "आमी तुला कोंडलं व्हय गो?"

"नाही आई," अंकिता म्हणाली. ते खरं होतं. पण ते ऐकून दोघींपैकी कुणालाच हलकं वाटलं नाही.

रावजी दोन दिवस बोलले नाहीत. रागावलेला माणूस भांडी आपटतो, दारं लावतो. ते तसं काही करत नव्हते. खाचराच्या बांधावर जाऊन बसायचे आणि जेवायच्या वेळी यायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी अंकिता गोठ्यात धार काढत असताना ते आत येऊन म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"मी शबुद पाळला का नाय?"

"पाळलात, आबा."

"तुज्या बापाला जे बोललो त्यातलं काय कमी केलं?"

"काही नाही. आम्ही मागितलं तेवढं सगळं दिलंत." ती चरवीतल्या फेसाकडं बघत होती. "मागताना आम्हाला वाटलं, शिकायचं म्हटलं की जाणं आलंच. ते वेगळं मागावं लागेल हे कुणाला माहीत होतं?"

रावजी बराच वेळ म्हशीची पाठ खाजवत राहिले. त्यांना रात्री बॅटरी घेऊन ओढ्यापाशी उभं राहणं आठवत असावं. कारण ते म्हणाले, "तुज्यासाटी जीव टांगनीला लागायचा गो. तू वर खोलीत दिसलीस की घर भरल्यासारखं वाटायचं." आणि थोड्या वेळानं, "सोमवारी जा. त्या सरास्नी भेट. म्हशीचं मी बघतो."

सोमवारी ती निघाली. पोलादपूरच्या स्टँडवर एसटीत खिडकीची जागा मिळाली. हायवे आता रुंद झाला होता. पूर्वीची चहाची टपरी, वडाचं झाड, काही सापडेना. पण सावित्री तशीच होती, डोहात काळी आणि दगडांवर पांढरी. महाडला उतरून ती जवळजवळ पळतच शाळेच्या गल्लीत शिरली.

केंद्राची पाटी भिंतीला टेकून खाली ठेवलेली होती. आत अश्वजित सर कपाटातली पुस्तकं खोक्यात भरत होते. त्यांनी तिला पाहिलं आणि हातातलं पुस्तक खाली ठेवून खुर्ची पुढं केली. गेल्या आठवड्यात मुख्य कचेरीतून कळवलं होतं: केंद्रं बंद, सगळी मदत ॲपवर. शंका असली तर यंत्राचा सहायक उत्तर देईल, दिवसरात्र. हे तिच्या बोलण्यामुळं झालं नव्हतं. ते आधीच ठरलेलं होतं. सरांनी ते दोनदा सांगितलं.

"मी ऐकलं तुमचं," ते म्हणाले. "माझ्या मुलानं लावून दिलं होतं. इथं खिडकीत उभा राहून ऐकलं."

अंकितानं विचारलं, मग पहिल्या वर्षाच्या त्या मुलांचं काय? सरांनी दाराकडं बोट केलं. दारावर एक कागद चिकटवला होता. त्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन आणि खाली दोन शब्द: इथे स्कॅन करा.

ती उठली. उन्हात गल्लीत उभी राहिली. एसटी अर्ध्या तासात होती. पाय घरच्या रस्त्याला नको म्हणत होते आणि दुसरा कुठला रस्ता माहीत नव्हता. समीक्षाला फोन केला. ती कारखान्यात कामाच्या पाळीवर होती, यंत्राच्या घरघरीत ओरडून म्हणाली, संध्याकाळपर्यंत थांबशील तर येते. संध्याकाळपर्यंत थांबता येणार नव्हतं. चालता चालता वाचनालयाची जुनी इमारत दिसली आणि केवळ सावली आहे म्हणून अंकिता आत गेली.

लांब टेबलाभोवती स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली बसली होती. कुणी वर पाहिलं नाही. एका मुलीनं शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. अंकिता तिथं बसली. काहीतरी करायला हवं म्हणून तिनं कानात तारा घातल्या आणि राहिलेलं व्याख्यान लावलं. पलीकडचा मुलगा ओठांतल्या ओठांत पाठ करत होता, पंखा खडखडत होता, कुणाचं तरी पेन घरंगळलं. व्याख्यान पाऊण तासाचं होतं. ते संपलं तेव्हा तिला नवल वाटलं. मध्ये एकदाही तिचं बोट पडद्यावर गेलं नव्हतं.

परतीच्या एसटीत तिनं खोटं बोलायची सगळी तयारी केली. केंद्र चालू आहे, सरांनी तीन दिवस यायला सांगितलंय. साधं वाक्य होतं. रावजी महाडला क्वचितच जात. पोलादपूर येईपर्यंत वाक्य तोंडात बसलं होतं.

रावजी ओढ्यापाशी उभे होते. अजून उजेड होता तरी त्यांच्या हातात बॅटरी होती. तिनं खरं ते सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचे खांदे सैल पडले, आणि त्यांना स्वतःला कळायच्या आत आवाजात सुटका उतरली. "बंदच झालं म्हन की. मंग आता घरनंच."

"नाही आबा. मी वाचनालयात जाऊन बसणार. तीन दिवस."

"तितं कोन शिकवनार?"

"कुणी नाही. फोनवरचंच ऐकायचं."

"मंग ते हितं ऐकू येत नाय?" रावजींना खरंच कळत नव्हतं. एवढी तार, एवढं टेबल.

"येतं. पण तिथं माणसं असतात."

ओढा ओलांडताना दगड निसरडा होता तिथं उजेड असूनही रावजींनी तिच्या पायांपुढं बॅटरी धरली.

ती जाऊ लागली. यशराजनं फोनवर विचारलं, जाऊन तिथं करतेस काय, आणि उत्तर ऐकून म्हणाला, तुझं मला कळत नाही, पण जा. वाडीत मात्र जरा चर्चा झाली. वर्गाला जाणं समजतं. नुसतं बसायला जाणं कुणाला समजेना. विद्यापीठानं परिषदेची चित्रफीत टाकली, तीत अंकिता लिहिलेलं वाचते तेवढंच होतं. पुढचा भाग नव्हता. अंकितानं समीक्षाबरोबर बसून ती एकदा पाहिली आणि पुन्हा पाहिली नाही.

पुढं बनुबाईचा गुडघा वाढला. लावणीत मजूर मिळेनात. गणपतीला यशराज आला आणि खोलीचं दिवाळीनंतर म्हणाला. तीन दिवसांचे दोन झाले, मग नुसता मंगळवार राहिला. कुणी कमी करायला सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच सोडता आलं नाही, चूल पेटलेली, आई खुर्चीत, आणि आपण फक्त बसायला जायचं.

भाद्रपद सरताना एका मंगळवारी ती पायात चप्पल घालत होती आणि अंगणात पाहुणे येऊन उभे राहिले. रावजींचे चुलतभाऊ, त्यांची बायको, सून, नातवंडं. बनुबाईनं खुर्चीतून हाक मारली, "अंकिता, आजच्याला ऱ्हाऊ दे गो. तितं काय, बसायचंच तर हाय."

अंकितानं पिशवी खुंटीला लावली. चहा केला, पोहे केले, भात टाकला, डाळीला फोडणी दिली. पाहुण्यांच्या सुनेनं विचारलं, तुम्ही घरीच शिकता ना, बरं आहे. ती हो म्हणाली. पानं वाढली आणि वाढून झाल्यावर खुंटीवरची पिशवी काढून खांद्याला लावली. सगळे तिच्याकडं बघत होते. रावजींनी पाण्याचा तांब्या स्वतःकडं ओढून घेतला आणि पाहुण्यांना वाढू लागले.

पोलादपूरला नेहमीची गाडी कधीच गेली होती. पुढची भरून आली, तिला उभं राहावं लागलं. महाडला पोचली तेव्हा वाचनालय दुपारी बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. ग्रंथपालांनी घड्याळाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं आणि परत आपल्या रजिस्टरात डोकं घातलं. टेबलाच्या टोकाला एक खुर्ची रिकामी होती. अंकिता तिच्यावर बसली.